बाबलकाकांचं गाऱ्हाणं

बाबलकाका परब देवाला माणसांची नावं पत्त्यासकट सांगतात. पडदा उघडण्याआधी विंगेत नारळ ठेवून, सगळ्या कामगारांना गोळा करून ते गाऱ्हाणं घालतात. "शिरढोणचो गणेश पाटील, लाइट लावूक शिडयेर चढलेलो आसा, तेका सांभाळ रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

एकदा मी विचारलं, "काका, देवाला पत्ता कशाला?"

"नुसतो गणेश म्हटल्यार देव खयच्या गणेशाक बघतलो? पनवेलात गणेश काय कमी आसत?"

काका मूळचे कुडाळचे. पनवेलमधल्या कार्यक्रमांत पडद्याच्या आणि कसरतीच्या दोऱ्या तेच सांभाळतात. मी निवेदक. गाठ मारली की काका ती तीनदा ओढतात आणि मग स्वतः लोंबकळून बघतात. साठी उलटलेला माणूस असा लोंबकळताना बघून नवखे लोक घाबरतात. पण त्यांची गाठ आजवर सुटलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात शीतगृहवाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद इथल्या एका रिसॉर्टात भरली. दिवसा जवळच्या द्रोणागिरीची गोदामं बघायची आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी मनोरंजनाचा सोहळा. थाट काय विचारता! लावणी, कथक, मल्लखांब, दारात बर्फाचा हत्ती, प्रत्येक पाहुण्याच्या कानाला दुभाष्याचं यंत्र, आणि छतापासून सोडलेल्या रेशमी पट्ट्यावर कसरत करणारी रेवा. एसी असा की हत्तीच्या अंगावरही शाल टाकावीशी वाटली.

मुंबईहून आलेल्या मॅनेजरबाईंनी मिनिटामिनिटाचा तक्ता केला होता. त्यात गाऱ्हाणं नव्हतं.

"काका, टाइम नाहीये. स्किप करा."

"मगे दोरयेक दुसरो माणूस बघा, बाईंनू. गाऱ्हाण्याशिवाय मी त्या रेवा चेडवाक वर सोडूचंय नाय."

दुसरा माणूस आणायचा कुठून? बाईंनी नाइलाजाने एक मिनिट दिलं.

काका सुरू झाले. माझा कॉलरचा माइक चालू राहिलाय, हे माझ्या गावीही नव्हतं. "ओवे गावची रेवा म्हात्रे..." हे बाहेर हॉलभर घुमत होतं आणि बिचारे दुभाषे इमानाने भाषांतर करत होते. प्रार्थना चाललीय म्हणून पाहुणे उठून उभे राहिले. तिसऱ्या नावाला तर आमच्या "व्हय म्हाराजा"त परदेशी आवाज मिसळले! बाईंनी कपाळाला हात लावला. परिषदेचे अध्यक्ष मात्र टाळ्या वाजवत होते.

रेवा वर गेली, गिरक्या घेऊन अलगद खाली आली. तेवढा वेळ काकांची नजर तिच्यावरून हलली नाही. या माणसाबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

मध्यंतरात चहा पिताना मला सुचलं. "काका, एवढ्या नावांत तुमचं नाव कधीच कसं नसतं?"

"आपला नाव आपण घेवचा नसता. दुसऱ्यान घेवचा." त्यांनी कप खाली ठेवला. "आये होती तवसर ती रोज सांजेक तुळशीकडे घेय. आता घरात मी एकटोच."



अध्यक्षांच्या आग्रहामुळे दुसऱ्या भागाआधी पुन्हा गाऱ्हाणं झालं. या वेळी माइक मीच चालू ठेवला होता. काका नारळ उचलणार, तेवढ्यात मी माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत ओरडलो, "आणि कुडाळचो बाबल परब, दोरी धरून उभो आसा, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल गरजला.

"काका, पडदा," बाई म्हणाल्या.

काका दोरी धरून पाठमोरे उभे होते. "एक मिनिट, बाईंनू," ते कसंबसं म्हणाले.

बाईंनी हातातला तक्ता उलटा करून ठेवला.