घड्याळजींची मीठदाणी

"मीठ सोडायचं? मी?" घड्याळजींनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी टेबलावर आपटली. "चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांना किल्ली देतोय. आता ही कालची पोर मला किल्ली देणार?"

"अहो, बीपी एकशेसत्तरवर गेलंय," बायको म्हणाली. "तुमच्या भावाचं एक अंग लुळं पडलं, विसरलात?"

"विसरलो नाही. पण जीभ माझी आहे. मोडेन पण वाकणार नाही!"

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक अळणी झाला आणि घड्याळजींनी स्वतःसाठी काचेची मीठदाणी विकत आणली. ताट समोर आलं की चव न बघताच ते ती उलटी करून सात-आठ झटके द्यायचे. बायको भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी एका दुपारी तिने झाकणाची पाचही भोकं आतून मेणाने बुजवून टाकली.

संध्याकाळी घड्याळजींनी मीठदाणी झटकली आणि क्षणभर थांबले. मग त्यांनी आणखी चार झटके दिले, घास घेतला आणि म्हणाले, "हं! याला म्हणतात जेवण!"

दोन महिने हेच चाललं. झटके वीसवर गेले, खांदा दुखायला लागला, त्याला मलम लागलं. बीपी मात्र उतरलं. "रोज वीस झटके मीठ खातो!" घड्याळजींनी भर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सुनावलं.

घोळ घातला सुनेने. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी तिचे वडील जेवायला येणार म्हणून ती टेबल आवरत होती. मीठदाणीची भोकं बुजलेली दिसली, तशी बिचारीने ती सुईने मोकळी केली.

व्याह्यांनी मीठ केव्हाच सोडलं होतं. "बघा, जेवावं कसं ते!" असं म्हणत घड्याळजींनी त्यांच्यादेखत वीस झटके दिले. भाजी मिठाखाली दिसेनाशी झाली.

घड्याळजी ताटाकडे बघतच राहिले. व्याही त्यांच्याकडे बघत होते. घड्याळजींनी घास उचलला, तोंडात घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कशी झालीय?" व्याह्यांनी विचारलं.

"फक्कड!" घड्याळजींनी दुसरा घास घेतला.

तिसऱ्याला बायकोने ताटच ओढून घेतलं. "पुरे! तुमच्या हट्टापायी मला तुम्हाला अंथरुणावर बघायचं नाहीये! भोकं मीच बुजवली होती. दोन महिने तुम्ही अळणीच खाताय!"

घड्याळजी दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायले.

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं!" ते गरजले. "केसाएवढा स्क्रू शोधणारा माणूस मी, मला मेण दिसणार नाही? भोकं उघडली कोणी, ते सांगा!"

"मी, बाबा," सून चाचरत म्हणाली.

"मग बुजव परत. आणि व्याही, नीट ऐकून ठेवा. मी मीठ सोडलेलं नाही!"