नांदखारच्या पडीक आगराचा संग्राम

श्री.

शके अठराशे चौऱ्याहत्तर, नंदन नाम संवत्सरे, वैशाख मासी, पनवेल प्रांती खाडीकाठी मौजे नांदखार येथे जो चेंडूचा संग्राम जाहला, त्याची हकीकत पनवेलच्या बाजारात भलतीच सांगितली जाते. पनवेलकरांचे जिभेस हाड पहिल्यापासोनच नाही. सबब आम्ही नांदखारचे मीठ खाऊन, कोणाची भीड न धरितां, खरे ते लिहितो.

नांदखार म्हणजे आगऱ्यांची वस्ती. पुढे खाडी, मधे मातीचा बांध, आणि बांधाचे आत दिनानाथ शेटजींची मिठागरे. बाप मीठ ओढी, लेक मीठ ओढी, आणि मीठ शेटजींचे. त्यांत एका आगरात मीठ नीट धरेना, म्हणोन ते पडीक पडिले. मग गावच्या तरुणांनी तेथे बांबू रोविले आणि नवतरुण फुटबॉल मंडळ स्थापिले आणि तुळशीराम यांस सरनौबती दिली. जोडे कोणाचेच पायी नाहीत. चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा. परंतु शेटजींचे काम न करितां पाय टेकावा ऐसी मुलखात ती एवढीच जागा होती. सांज जाहली की अवघा गाव तेथे येई आणि माणसे मोकळेपणी हसत. त्या जागेवर गावाचा जीव होता.

हे हसणे शेटजींचे कानी गेले. मग फर्मान सुटले की, वद्य द्वितीयेस नांदखारकरांनी पनवेलच्या क्लबाशी सामना करावा. सामना संपतां हार न जाहली तर आगर खेळास बहाल. हार जाहली तर दुसरे दिवशी त्यात खाडीचे पाणी घेऊन पुन्हा मीठ धरावे. शेटजी खासा पनवेलच्या क्लबाचे अध्यक्ष होते, परंतु न्यायाचे कामी ही गोष्ट त्यांस आडवी आली नाही.

तुळशीरामांनी मसलत बसविली. गोलकीपर बुधाजी, देहाने ऐसे की दोन बांबूंमध्ये उभे राहतां चेंडूने वाट पुसावी, ते बोलिले, "नाय खेललो तरी जागा जाल, खेललो तरी जाल. मंग खेलून जाव दे." या मसलतीवर सर्वांच्या माना डोलल्या.

नेमिले दिवशी, दोन प्रहर टळतां, पनवेलची फौज ट्रकात बसोन आली. पायी कातड्याचे बूट, अंगी पट्ट्यांचे सदरे, आणि हाती खरा चामड्याचा चेंडू, जो त्या प्रांती एकच होता. सरदार मनोहर गुप्ते, वकिलांचे चिरंजीव. त्यांणी चेंडू ऐसा धरिला होता की लग्नात कलश धरावा. पंच म्हणोन शेटजींचे मेहताजी नामजद जाहले. आगरावरील हिशेब पाहणारा हा गृहस्थ. खेळातील त्यांची विद्या शिट्टीपाशी सुरू होई आणि तेथेच संपे.

शिट्टी जाहली आणि रण माजले. बुटांखाली नांदखारकरांची बोटे ठेचली, मग ते लंगडत धावले, आणि लंगडत असतांही पनवेलकरांस पुरून उरले. परंतु गुप्ते सरदारांनी एकदा बगल देऊन चेंडू बुधाजींचे पायांखालोन काढिला आणि गोल जाहला. शेटजींनी खुर्चीवर बसोन पान लाविले. तुळशीरामांचे डोळां पाणी आले, आणि ते घामाचे होते ऐसे आम्ही लिहिणार नाही.

मग दुसरा डाव निम्मा होतो न होतो तो बांधावरोन बुधाजींच्या मातुश्री चंद्रावतीबाई यांची आरोळी आली, "खांड गेली रं! उघाडी फुटली! पानी आयलं!"

खाडीकाठचा रिवाज ऐसा की, बांधास खांड, म्हणजे भगदाड, पडले की हातचे टाकोन धावावे. दारी वरात असो की मढे असो, खांड आधी. उधाणाचे पाण्याने उघाडीचे, म्हणजे पाणी आतबाहेर करावयाच्या दाराचे, फळकूट मोडिले होते. आरोळी कानी पडतां तुळशीराम धावले आणि बुधाजी धावले आणि अवघी फौज व पाहणारा गाव धावला. मिठाची जोखीम शिरावर, म्हणोन मेहताजीही धोतर खोवून धावले आणि शिट्टीही गेली.

मैदानात पनवेलकर उरले. गुप्ते सरदारांनी रिकाम्या बांबूंत सावकाश गोल केला आणि टाळी ऐकावयास वळोन पाहिले. टाळी नाही, शिट्टी नाही. मग शास्त्राप्रमाणे तो गोल जाहलाच नाही.

इकडे पेंढ्याचे भारे घातले, ते वाहोन गेले. चिखल घातला, तोही गेला. भोक मोठे आणि वाटोळे. चंद्रावतीबाईंनी ते पाहिले आणि तडक मैदानी येऊन गुप्ते सरदारांपुढे हात पसरिला.

"दे रं पोरा तो बॉल."

"अहो आजी, हा क्लबाचा आहे!"

"मंग क्लबाला सांग, आगरनीन नेला."

चेंडू भोकात ठोकिला, भोवती चिखल थापिला आणि पाणी थांबले. तेव्हां गुप्ते सरदारही बूट काढोन चिखल वाहू लागले, हे त्यांचे कुळास शोभले. शत्रूचेही खरे असेल ते लिहावे.

ओहोटी लागतां शेटजींस सामना आठवला. आज्ञा जाहली की, चेंडू काढावा आणि खेळ पुरा करावा. तुळशीराम चिखलाने माखलेले पुढे जाहले आणि हात जोडोन अर्ज केला, "कारतो, शेट. पन रातचे भरतीला पानी येल, आनि तुमचा मीठ पयला जाल."

शेटजींनी बांधाआतील पांढऱ्या राशींकडे पाहिले. मग चेंडूकडे पाहिले. मग फर्मान निघाले की, नवी उघाडी बसेतो चेंडूस कोणी हात लावू नये, आणि सामना तोवर तहकूब.

नवी उघाडी बसविणे शेटजींचे खर्चाचे काम. सबब ती आजतागायत बसली नाही. नांदखारकर दर उधाणाआधी आपण होऊन तेथे चिखल थापितात, शेटजींस तोशीस पडू देत नाहीत. आणि सांजेस त्याच आगरात चिंध्यांचा गोळा उडतो आणि माणसे हसतात.

येणेप्रमाणे नांदखारची फत्ते जाहली, ती येथे रुजू केली असे. सामना चालू आहे. नांदखार एका गोलाने पिछाडीस आहे.