'दवंडी'चे वाचक

आप्पाजी मित्राच्या मुलीच्या लग्नाला तंजावरला निघाले आणि साप्ताहिक 'दवंडी'चा अंक पहिल्यांदाच एकट्या विराटच्या गळ्यात पडला. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या तळमजल्यावर कचेरी होती, वर बिऱ्हाड. बेंगळुरात मराठी साप्ताहिक चालवणं म्हणजे, विराटच्या मते, विहिरीत तोंड घालून गाणं म्हणणं. पणजोबांनी म्हटलं, आजोबांनी म्हटलं, आता आप्पाजी म्हणत होते. एकुलता एक वारस म्हणून पुढे आपणच वाकायचं, या विचारानं त्याला घाम फुटायचा.

"संपादकीय लिहून ठेवलंय," आप्पाजी रिक्षात बसता बसता म्हणाले. "त्यातला एक काना हलवायचा नाही. बाकीचं स्वल्प जपून कर."

"सरी, आप्पा," विराटनं कानडीत होकार भरला.

आप्पाजींचं संपादकीय म्हणजे निखारा. मंत्री, आमदार, महापालिका, कुणाचीही गय नसे. विराटनं त्याला हात लावला नाही. अडचण आली ती शेवटच्या पानावर. साड्यांच्या दुकानाची जाहिरात आलीच नाही आणि चौकट मोकळी राहिली. तिच्यात मजकूर किती मावतो ते बघायला त्यानं गमतीनं टाइप केलं : 'हे वाचणाऱ्या प्रत्येकाला या रविवारी सकाळी आमच्या घरी इडली आणि कॉफी. अवश्य यावे.' तेवढ्यात छापखान्याचा फोन आला, पानं ताबडतोब पाठवा म्हणून. त्यानं पाठवली. चौकटीसकट.

अंक घरोघर गेल्यावर त्यानं तो उघडला आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं.

सुलभाबाईंनी चौकट वाचली. "अरे, हे काय करून बसलास?"

"घाबरू नकोस गं आई. वाचतंय कोण?"

"तेही खरंच म्हणा," त्या म्हणाल्या आणि नेहमीएवढंच पीठ वाटून मोकळ्या झाल्या.

रविवारी विराटच्या तोंडात ब्रश होता तेव्हा घंटा वाजली. दारात रुमाल बांधलेले एक उंच आजोबा.

"मी विठोजी. देवनहळ्ळीहून पहिल्या बसनं आलो. इडली होऊ दे सावकाश. आधी सांग, तलावावरचा लेख अर्ध्यात का तोडला?"

विराटनं ब्रश काढला. तो लेख जागेअभावी त्यानंच तोडला होता, आणि ते कुणाच्या लक्षात येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

विठोजी खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सोयराबाई नावाच्या एक ठसठशीत अक्का दोन सुनांसह आल्या. त्यांच्यामागून इंदिरानगरहून शंतनु आणि निधी. "ॲक्च्युअली आम्ही पुण्याचे," निधी म्हणाली. "इथे आल्यापासून दर आठवड्याला वाचतो. शंतनु मला मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणजे, तेवढंच मराठी कानावर पडतं ना."

इडल्या संपल्या. विराट कोपऱ्यावरच्या हॉटेलात धावला आणि परत आला तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. शेजाऱ्यांना वाटलं, आप्पाजी गेले. त्यातला एकजण हार घेऊन आला. सोयराबाईंनी तो काढून घेतला आणि पणजोबांच्या तसबिरीला घातला. रस्ता अडला म्हणून ट्रॅफिक पोलीस शिट्टी फुंकत आत शिरला, टेबलावरचा अंक बघून थबकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्या आईला शब्दकोडं लई कठीण जातंय हो. जरा सोपं टाका की."

हातात सांबाराची बादली घेऊन विराट खांबासारखा उभा होता. अंगणात दोन तट पडले होते आणि आप्पाजींच्या कुठल्यातरी जुन्या लेखावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. एकजण त्यातली वाक्यं पाठ म्हणत होता, दुसरा मध्येच त्याचा शब्द सुधारत होता. विहिरीच्या तळाशी एवढं गाव नांदत होतं, आणि ते कान देऊन ऐकत होतं.

त्याच वेळी तंजावरहून परतलेले आप्पाजी बॅग डोक्यावर धरून गर्दीतून वाट काढत आत आले.

"काय झालं? कोण गेलं?"

"आप्पाजी आले!" सगळे उठून उभे राहिले. विराटनं घाईघाईनं प्रकार सांगितला. आप्पाजी कधी रागावतात याची तो वाट बघत होता. पण ते नुसते माणसांकडे बघत राहिले.

"हे सगळे... वाचतात?"

"वाचतात म्हणजे?" विठोजी पुढे आले. "आमच्या आमदाराला तुम्ही 'फुगलेली पुरी' म्हणालात, तो लेख आम्ही कन्नडात करून त्यांना दिला. फ्रेम घालून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पाजी सावकाश खाली बसले. "दिला? त्यांच्या हातात?"

"तुमची सही ठळक दिसेल असा!"

पाहुणे पांगल्यावर विराट वडिलांजवळ बसला. "आप्पा, 'दवंडी' बंद करायची नाही. मी चालवणार."

आप्पाजींनी मान डोलावली. पण त्यांचं लक्ष नव्हतं. "एवढी वर्षं बिनधास्त लिहीत होतो रे," ते पुटपुटले, "कोण वाचतंय, या भरवशावर."

पुढच्या अंकाचं संपादकीय काही केल्या येईना. एकामागून एक कागद चुरगाळून टोपलीत गेले. शेवटी त्यांनी एक लेख विराटपुढे ठेवला : 'सकाळी कोमट पाणी पिण्याचे फायदे'.

"बघ बाबा," ते हळूच म्हणाले, "यात कुणाला लागेल असं काही नाही ना?"

विराटनं लेख दोनदा वाचला. अंगणातली ती माणसं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"गार पाणी पिणारे दुखावतील, आप्पा."

आप्पाजींनी कागद परत घेतला.