नियम नऊ: घरात धावणारा एकच

ऑस्ट्रेलियातल्या वारान्डूल गावचे लायल टोनकिन, वय वर्षे एकसष्ट, यांनी शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड कुत्रा दत्तक मिळावा म्हणून विहित नमुन्यात अर्ज केला, तेव्हा त्यांची प्रामाणिक समजूत अशी होती की तपासणी कुत्र्याची होणार.

अर्जामागचं कारण घरगुती होतं. लायल चार महिन्यांपूर्वी कौन्सिलच्या परवाना विभागातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या कुंपणांची उंची मोजली. आता मोजायला स्वतःचं घर तेवढं उरलं होतं. त्यांनी जॅमच्या बरण्यांवर उघडल्याच्या तारखा चिकटवल्या, टॉवेलांना क्रमांक दिले आणि डिशवॉशरमध्ये काट्यांनी कुठे तोंड करून उभं राहावं यावर एक परिपत्रक काढून ते फ्रिजवर लावलं. त्यांच्या पत्नी रॉस्लिनबाई दहा आठवडे या सगळ्याकडे काणाडोळा करत राहिल्या. अकराव्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून बॅग काढली आणि पलंगावर उघडी ठेवली.

"लायल, या घरात दुसरा एखादा जीव आण, ज्याच्या मागे तुला लागता येईल," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर मी होबार्टला हेदरकडे चालले. परतीचं तिकीट काढणार नाही."

हेदर म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिच्या घरात परिपत्रकं नव्हती, शिवाय एक खोली रिकामी होती. बायकोवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, फक्त ते त्यांनी आजवर सूचनांच्या स्वरूपात कळवलं होतं.

त्यांनी रात्रभर विचार करून योजना आखली. शर्यतीचा कुत्रा आणायचा. पहाटे साडेपाचला त्याच्याबरोबर धरणापर्यंत धावत जायचं, धावत यायचं, तोवर रॉस्लिनबाईंना निवांत चहा घेता येईल. ग्रेहाउंडची धावायची नोकरी सुटली की तो दिवसाचे वीस तास सोफ्यावर लोळतो, हे आमच्या व्हिक्टोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लायलनाही होतं. पण योग्य शिस्त लावली तर आपला कुत्रा तसा निघणार नाही, असं त्यांना वाटलं. कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटतं.

निवृत्त धावक श्वान पुनर्वसन मंडळाने निरीक्षक म्हणून जनीन क्रॅब्ट्री यांना पाठवलं. क्रॅब्ट्रीबाई आल्या त्या टेप, शिट्टी आणि शर्यतीत कुत्र्यांपुढे पळवतात तसला कापडी ससा घेऊनच. त्यांनी आधी कुंपण मोजलं. ते चार सेंटिमीटरने कमी भरलं.

"चार सेंटिमीटरने काय होतं हो?" लायल बोलून गेले. हा प्रश्न चौतीस वर्षं त्यांना लोक विचारत आले होते, स्वतःच्या तोंडून तो आज पहिल्यांदाच बाहेर पडला.

क्रॅब्ट्रीबाईंनी नियमाची प्रत पुढे केली. खाली सही होती, ला. टोनकिन. लायलनी नियम पुन्हा वाचला, मजकूर निर्दोष होता. मग त्यांनी हौसेने कुंपण वाढवून घेतलं.

पुढच्या भेटीत सोफ्याची पाळी आली. श्वानास एकशे ऐंशी सेंटिमीटर सलग मोकळी जागा लागते आणि त्यातले साठ सध्या तुम्ही व्यापता, असं क्रॅब्ट्रीबाईंनी दाखवून दिलं. लायलनी दोन प्रतींत आसन-त्यागपत्र लिहून दिलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मुक्काम हलवला. रॉस्लिनबाईंनी साक्षीदार म्हणून फार सुवाच्य सही केली.

मग कुत्रा आला. शर्यतीतलं त्याचं नाव होतं रॉयल हरिकेन. घरात हाक मारायला ट्रेव्हर. एकेचाळीस शर्यतींपैकी तो एक जिंकला होता, तीही बाकीचे सात कुत्रे पहिल्याच वळणावर एकमेकांत अडकून पडले म्हणून. क्रॅब्ट्रीबाईंनी त्याच्या नाकासमोरून कापडी ससा चूंचूं करत ओढत नेला. ट्रेव्हरने सशाकडे पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. एकेक पाय उचलत तो चार हप्त्यांत सोफ्यावर चढला, लांबलचक पाय कसेबसे घडी करून पोटाखाली घेतले आणि घोरायला लागला. शेरा पडला: उत्कृष्ट.

"आता तुम्ही," क्रॅब्ट्रीबाई म्हणाल्या.

"मी काय?"

"नियम नऊ. एका घरात धावणारा एकच. दोन झाले की एकमेकांना चेव चढतो."

"पण हा कुठे धावतोय?"

"कागदावर धावतो. एकेचाळीस नोंदी आहेत."

रॉस्लिनबाई त्यांच्या परीक्षेत जांभई देऊन उत्तीर्ण झाल्या. लायलना गालिच्यावर आडवं व्हायला सांगण्यात आलं. ते झालेही. पण दिवस मंगळवार होता, आणि मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते.

आमच्या गावात चार रंगांच्या झाकणांचे डबे आहेत. लाल दर आठवड्याला, पिवळा आणि हिरवा आलटून पालटून, काचेचा जांभळा महिन्यातून एकदा, आणि सार्वजनिक सुटी आली की सगळंच एक दिवस पुढे. हे वेळापत्रक कुणालाच पाठ नसतं. प्रत्येक गल्लीत एकच माणूस ते जाणतो आणि बाकीचे पडद्याआडून त्याचा डबा बघून आपला काढतात. क्वॉन्डाँग गल्लीत तो माणूस म्हणजे लायल. लोकांनी रंग बरोबर उचलला की नाही हे बघायला ते दर मंगळवारी गाडीच्या पुढे गल्लीभर धावायचे.

कोपऱ्यावर गाडी घरघरली. लायलचे कान हलले, हे क्रॅब्ट्रीबाईंनी लिहून घेतलं. पुढचं लिहायच्या आत लायल ड्रेसिंग गाउन सावरत दाराबाहेर, आणि वाढवलेल्या कुंपणावरून टांग टाकून पलीकडे. क्रॅब्ट्रीबाईंनी दोन शेरे लिहिले. एक, श्री. टोनकिन: धावण्याची प्रवृत्ती शिल्लक, घरगुती जीवनास तूर्त अपात्र. दोन, सदर इसमासाठी कुंपण एकशे ऐंशी सेंटिमीटरपर्यंत नेणे.

मंडळापुढे दोनच मार्ग होते. अपात्र सदस्याला घरातून काढणे किंवा त्याचं पुनर्वसन करणे. रॉस्लिनबाईंनी एकच शंका विचारली.

"काढायला साधारण किती दिवस लागतात?"

लायलनी पलंगावरच्या बॅगेकडे पाहिलं आणि पुनर्वसनाच्या रकान्यात ताबडतोब खूण केली.

सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. प्रशिक्षक, ट्रेव्हर. लायलच्या गळ्यात हिरवा पट्टा आला, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना हा इसम परीक्षाधीन आहे हे कळावं. बाहेर जाताना रॉस्लिनबाईंचा हात सोडायचा नाही. तोंडाला मुसकं बांधण्याऐवजी सवलत म्हणून दिवसाला तीनच सूचना मंजूर झाल्या, आणि सोमवारच्या तिन्ही लायलनी टोस्ट करपायच्या आतच संपवल्या. शेजारपाजारचे लोक थबकून त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे.

"चावत नाहीत ना?" एका आजीबाईंनी विचारलं.

"छे हो. सुचवतात फक्त," रॉस्लिनबाई म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. दुपारी लायल सोफ्याखाली जमिनीवर बसून झोपेचा सराव करत असताना ट्रेव्हरने आपलं लांब नाक त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि एक सुस्कारा सोडला. चाळीस मिनिटं लायल हलले नाहीत. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी काहीही मोजलं नाही, म्हणजे चाळीस हा आकडासुद्धा रॉस्लिनबाईंचा. लायलना त्या कुत्र्याचा फार लळा लागला. संध्याकाळी बॅग पलंगावरून खुर्चीवर गेलेली दिसली. चेन मात्र अजून उघडीच होती.

फक्त मंगळवार जड जायचा. गाडी घरघरली की लायलची पावलं थरथरायची, हात गालिचा घट्ट धरायचे, तोंडातून बारीक कुंई निघायची. ट्रेव्हर एक डोळा उघडून हे सगळं नीट बघायचा. त्याला वाटायचं तो शिकवतोय, आम्हालाही तसंच वाटायचं.

अंतिम परीक्षा सहाव्या मंगळवारी ठरली. लायलना सोफ्याचे तीस सेंटिमीटर तात्पुरते बहाल झाले होते, तिथे ते अंग चोरून पडले. त्या दिवशी डबा बाहेर काढायलाही त्यांना मनाई होती. त्यांनी काढला नाही म्हणून गल्लीत कुणीच काढला नाही. घराघरांतून गाउनमधली माणसं पडद्याआड उभी राहून टोनकिनांच्या फाटकाकडे डोळे लावून होती. आणि आठवडा जांभळ्याचा होता. हे आख्ख्या गल्लीत फक्त लायलना माहीत होतं.

गाडी वळली. एकदा उठायचं, एकदाच ओरडायचं, "जांभळा", आणि सगळी गल्ली वाचली असती. दारात रॉस्लिनबाई उभ्या होत्या.

"लायल, नको ना," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

लायलनी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला सूट दिली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि जांभळ्याला सूट दिली.

नेमका तेव्हाच ट्रेव्हर उठला. सहा आठवडे त्याने लायलकडून जे शिकून घेतलं होतं ते सगळं त्याच्या कानांत उभं राहिलं. क्रॅब्ट्रीबाईंनी येताना फाटक उघडं टाकलं होतं. एकेचाळीस शर्यतींत जो वेग कुणाच्या दृष्टीस पडला नाही, त्या वेगाने ट्रेव्हर गाडीच्या पुढे क्वॉन्डाँग गल्लीतून गेला. त्याला बघून लोकांना वाटलं, इशारा झाला. हाताला लागेल त्या रंगाचा डबा ओढत सगळी गल्ली रस्त्यावर धावत सुटली.

क्रॅब्ट्रीबाईंनी पेन उचललं. रॉस्लिनबाईंचा हात नकळत ट्रेव्हरच्या रिकाम्या पट्ट्याकडे गेला.

"नियम नऊ," लायल म्हणाले. उठले नाहीत, डोळेही उघडले नाहीत.

"काय म्हणालात?"

"घरात धावणारा एकच. मी निवृत्त झालो, जागा रिकामी पडली, ती आतल्या उमेदवारातून भरली. कागदावर तो धावतोच. एकेचाळीस नोंदी होत्या, आता बेचाळीस करा."

क्रॅब्ट्रीबाईंनी नियमावली पुढून चाळली, मागून चाळली. मजकूर निर्दोष होता. त्यांनी शिक्का मारला. ट्रेव्हर धापा टाकत परत आला, चार हप्त्यांत सोफ्यावर चढला आणि लायलच्या पोटावर डोकं ठेवून आडवा झाला. रॉस्लिनबाई हसायला लागल्या त्या हसतच राहिल्या. पुढच्या महिन्यात त्या होबार्टला आठवडाभर राहूनही आल्या, परतीचं तिकीट काढून. लायल सध्या दिवसाचे वीस तास झोपतात. फ्रिजवर परिपत्रक नाही.

क्रॅब्ट्रीबाई मात्र त्या दिवशी लगेच निघाल्या नाहीत. खिडकीतून त्यांनी रस्त्याकडे बघितलं. गाउनमधली तेवीस माणसं, कशामागे धावतोय याचा पत्ता नसलेली, एकमेकांच्या डब्यांचे रंग बघत धापा टाकत होती. त्यांनी कोरी वही उघडली आणि पहिल्या घरापासून नावं घ्यायला सुरुवात केली. काम वाढलं, तसं मंडळाने कार्यक्षेत्रही वाढवलं.

तुम्ही म्हणाल, कुठलं वारान्डूल आणि कुठले आपण. खरं आहे. उद्या सकाळी खाली घंटागाडी वाजेल तेव्हा शेजाऱ्याच्या हातातली बादली ओली की सुकी हे न बघता जिना उतरून दाखवा, म्हणजे झालं. आणि ही गोष्ट वाचता वाचता फोन वाजल्यावर तुमचे कान किती वेळा हलले, तेवढा आकडा खालच्या रकान्यात भरून ठेवा. सोफ्याची लांबी आम्ही येऊन मोजू.