सासूबाईंची गाडी चुकल्याबाबत

मोटारगाडीचा उपयोग ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्यासाठी असतो, असा एक गैरसमज समाजाच्या सर्व थरांत खोलवर रुजलेला आहे. तो दूर करण्याचं कार्य काही निवडक मंडळी आपला वेळ, कपडे आणि संसार खर्ची घालून करत असतात. ही मंडळी जुन्या आणि स्वस्तातल्या स्पोर्ट्स गाड्या बाळगतात. (महागातल्या बाळगणारे वेगळे. त्यांच्या गाड्या मऊ कापडाखाली झोपलेल्या असतात आणि त्यांना शौकीन नव्हे, गुंतवणूकदार म्हणतात.)

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक या निवडकांपैकी एक. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, स्वभावाने इतके सावध की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना स्वतःचा श्वास रोखून धरत. आयुष्यात डोळे मिटून त्यांनी एकच गोष्ट केली, ती म्हणजे ही गाडी घेतली. लाल रंग, दोनच माणसांची जागा, वर कापडी टप. कंपनीने काढली तेव्हाही ती ऐपत नसलेल्यांचीच स्पोर्ट्स गाडी होती. आता तर तिची स्वतःचीही ऐपत राहिली नव्हती. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत ती आली. त्यामुळे स्वयंपाकघराचा नळ गळतो. गाडीही गळते, पण तिच्या बाबतीत ते प्रकृतीचं लक्षण समजतात. (ऑइल गळायचं थांबलं, तर आत ऑइल उरलेलं नाही असं समजावं.)

अशा गाडीवाल्यांचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात त्याची बैठक भरते. मंडळाने मध्यंतरी रीतसर पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या नव्वद सभासदांनी आपली गाडी 'अत्यंत भरवशाची' असल्याचं नमूद केलं. उरलेले दहा पाहणीच्या जागी पोहोचू शकले नाहीत. मंडळातल्या दंतवैद्यांच्या गाडीचा गियरचा दांडा हातात निघून येतो. ते तो खिशात घालूनच दवाखान्यात जातात, म्हणजे गाडी चोरीला जाण्याचा प्रश्न मिटला. वकीलबाईंच्या गाडीचा वायपर फक्त डावीकडे वळताना चालतो. पाऊस लागला की त्या डावीकडे वळत राहतात आणि सांगतात, "अहो, त्यामुळे किती नवे नवे रस्ते कळले!"

या सगळ्यात आनंद कसला, असं कोणी विचारलंच, तर मंडळाकडे अधिकृत उत्तर नाही. बसून बघा, एवढंच सांगतात. बसायचं म्हणजे खरं तर खाली उतरायचं असतं. पाठ रस्त्याला टेकल्यासारखी होते, शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर येतात, आणि ज्या वेगाला नव्या गाडीत मागे बसलेले लोक घोरतात, त्या वेगाला इथे देव आठवतो. हा आनंद कायदेशीर वेगमर्यादेच्या पुष्कळ आत मिळतो, ही त्यातली सरकारमान्य बाजू.

चष्मेवाल्यांच्या घरात या आनंदाला मान्यता नव्हती. बायको महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची आणि संभाव्यतेवर विश्वास ठेवायची. म्हणून तिने स्वतःसाठी नवी पांढरी गाडी घेतली होती. आणि सासूबाई तर रेल्वेतल्या. नोकरीभर त्या स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत आल्या होत्या. इतरांच्या उशिराबद्दल त्यांनी लाखो माणसांची दिलगिरी व्यक्त केली होती. स्वतः कधी मिनिटाचाही उशीर केला नव्हता. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे राहायला आल्या, तरी आवाज स्टेशनवरचाच राहिला. त्यांनी "जेवण वाढलंय" म्हटलं, की शेजारच्या घरातलेही हात धुऊन बसत.

त्याच सासूबाईंनी एके दिवशी धाकट्या मुलाकडे कायमचं राहायला जायचं जाहीर केलं.

"इथे माझं काम काय?" त्या म्हणाल्या. "कपडे मशीन धुतं, भांडी मशीन घासतं. तो झाडू तर एकटाच घरभर फिरतो आणि माझ्याच पायांवर येऊन आपटतो. मी नुसती मधे मधे येते. धाकट्याकडे निदान लहान मूल आहे, त्याला धरायला माणूस लागतं."

"तुझी इच्छा," एवढंच लेक म्हणाली, आणि त्या दिवशी तिने भाजीला लागतो त्याच्या तिप्पट कांदा चिरला. आईला थांब म्हणायचं तिच्या मनात होतं. पण आईचा निर्णय बदलण्याची संभाव्यता तिने मनातल्या मनात काढली होती आणि उत्तर फार लहान आलं होतं. चष्मेवाल्यांनाही बोलायचं होतं. पण सासूबाईंना थांबा म्हणणारा जावई लोकांना खरा वाटत नाही, अशी त्यांना भीती. शिवाय ते सावध. असे तिघंही आपापल्या जागी गप्प राहिले, आणि आरक्षण झालं.

जायच्या सकाळी बायकोची पांढरी गाडी दारात उभी होती. सामान ठेवलं, सासूबाई बसल्या, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : 'आपले वाहन अधिक बुद्धिमान होत आहे. कृपया थांबा.' थांबले. वाहन बुद्धिमान होत राहिलं. दारं उघडेनात. शेवटी सासूबाईंना डिकीतून बाहेर काढावं लागलं. (ही सोय उत्पादकाच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेली आहे.) टॅक्सीला फोन केला, तर ती नेमकी आगगाडी सुटायच्या वेळेला दारात येणार होती.

मग सगळ्यांची नजर सावकाश लाल गाडीकडे वळली.

"अहो," बायको म्हणाली, "आईची गाडी जर का चुकली—" आणि तिने लाल गाडीचं दार उघडून धरलं. जागा दोनच, त्यामुळे निरोप फाटकातच झाला. सासूबाई विहिरीत उतरल्यासारख्या गाडीत उतरल्या. बॅग मांडीवर घेतली. बॅगेच्या वर फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं, आणि कपाळाला आठ्या होत्या.

गाडी लगेच सुरू झाली. चष्मेवाल्यांनी हे अपशकुनासारखं मनात घेतलं, आणि ते बरोबर निघालं. उड्डाणपुलाच्या चढावर ती दोनदा खोकली आणि थांबली. मागे रांग लागली. हॉर्न वाजू लागले. चष्मेवाल्यांनी उतरून बॉनेट उघडलं. ते वर टेकवून ठेवायची सळई पूर्वीच कुठेतरी पडून गेली होती. एका हाताने बॉनेट आणि दुसऱ्या हाताने पाना, असा त्यांचा जीव टांगणीला लागला.

"आई," ते घाबरत घाबरत म्हणाले, "तुम्हाला जरा धरता येईल का हो?"

सासूबाई बाहेर आल्या. दोन्ही हातांनी बॉनेट डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. आत डोकावून बघितलं. "हे काय लोंबतंय?"

"तीच तर वायर! कुठून दिसली तुम्हाला?"

"दिसते हो, न दिसायला काय झालं! घाला लवकर." त्यांच्या कपाळावरच्या आठ्या केव्हा गेल्या ते चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं नाही; नजरेच्या व्यवसायात असूनही.

वायर बसली, पण चढावर स्टार्टर नुसता कण्हत राहिला. धक्का मारायला माणसं हवी होती आणि माणसं हॉर्न वाजवण्यात गुंतली होती. तेव्हा सासूबाईंनी बॉनेट खाली टाकलं, साडी सारखी केली, रांगेकडे तोंड केलं आणि घसा साफ केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या.

हॉर्न बंद झाले. सगळेच्या सगळे. एका मोटरसायकलवाल्याने तर सवयीने पायाजवळची पिशवी उचलून हातात घेतली.

"लाल रंगाची, दोन आसनी, स्टेशनकडे जाणारी गाडी काही तांत्रिक कारणास्तव पुलावर थांबली आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पहिल्या चार वाहनांतील सुदृढ प्रवाशांनी गाडीच्या मागील बाजूस यावे. टाय लावलेल्या गृहस्थांनी मोबाईल खिशात ठेवून डाव्या बाजूस यावे. धन्यवाद."

माणसं आली. टायवालेही आले, आणि डाव्या बाजूसच आले. चढ संपेपर्यंत सगळ्यांनी मिळून ढकललं, आणि उतार लागताच सासूबाई चालत्या गाडीत अशा काही शिरल्या की मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी दुसरा गियर टाकून क्लच सोडला. एक स्फोट, एक धुराचा ढग, आणि गाडी पळाली.

पुलाखालून रस्ता रुळांच्या कडेकडेने जातो. तिथे पोहोचतात तोच स्टेशनातून एक आगगाडी हलत बाहेर आली. निळे डबे, ओळखीचा भोंगा.

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "वेळेवर सुटली." आवाजात थोडा अभिमान होता, थोडं आणखी काहीतरी.

"पुढच्या स्टेशनवर पकडू!" चष्मेवाले ओरडले, आणि सावध माणसाने आयुष्यभर जपून ठेवलेला सगळा अविचार एकदम उजव्या पायात उतरला. टपाचा बंद तुटला. टप उडून मागे गेला. वारा डोळ्यांत, कानांत, बॅगेत. गाडी शेवटच्या डब्याला गाठते, मग त्याच्या पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला! खिडक्यांतून पोरं हात हलवत होती. सासूबाई मान वळवून डबे वाचत होत्या आणि अचानक किंचाळल्या, "ती बघा, माझी खिडकी! कोणी बसलंय मेलं माझ्या जागेवर!" आणि त्या बसलेल्याला त्यांनी असा हात केला, जणू त्यालाच पोहोचवायला आल्या होत्या.

"जावईबापू, दाबा!"

दाबलं. इंजिन मागे पडलं. इंजिनाच्या चालकाने भोंगा दिला. सासूबाईंनी आडवं होऊन हॉर्न दाबला. (तो वाजला. मंडळाच्या दप्तरी ही स्वतंत्र नोंद आहे.) गाडीच्या आयुष्यात प्रथमच ती कुठेतरी वेळेआधी पोहोचणार होती. पुढच्या स्टेशनचं वळण आलं. चष्मेवाल्यांनी जड मनाने वेग कमी केला.

"सरळ घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"आई, स्टेशन डावीकडे आहे."

"स्टेशन कुठे असतं ते मला शिकवू नका. सरळ घ्या म्हणते ना!"

सरळ घेतली. स्टेशन मागे पडलं. मग सासूबाईंनी विचारलं, "ती बॉनेटची सळई नवी मिळते का हो?"

"मिळते की. आजच बघतो."

"नको बघू," त्या म्हणाल्या. जावयाशी त्या एकेरीत बोलल्या, ती ही पहिलीच वेळ.

दुपारी दोघं परतले तेव्हा बायको फाटकातच उभी होती. आईचे केस उभे राहिलेले, हात कोपरापर्यंत काळे, नाकावर ऑइल.

"चुकली?"

"काही अपरिहार्य कारणास्तव," आई म्हणाली, "रद्द करण्यात आली आहे."

बायको हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग आईच्या काळ्या हातांसकट तिला घट्ट मिठी मारून म्हणाली, "मला वाटलं, तुला जायचंच आहे."

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोच आहे," आई म्हणाली. हे दोन्ही अंदाज एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना इतके दिवस सुखाने नांदत होते.

सासूबाई आता मंडळाच्या सन्माननीय उद्घोषिका आहेत. कोणाची गाडी कुठे, कशामुळे आणि किती काळासाठी बंद पडली, हे त्या रविवारी जाहीर करतात. त्या माहितीची वाट दंतवैद्यांचे रुग्णसुद्धा पाहतात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही शहाणे आहात, तुमची गाडी नवी असणार. ती आपोआप सुरू होते, दिवे आपोआप लावते, लवकरच आपोआप घरीही येईल. घरातलं बाकी सगळंही तसंच सुरळीत असेल. छानच आहे. फक्त एक चौकशी : तुमच्यावाचून कोणाचं काही अडलं, असं शेवटचं कधी झालं होतं?

सावकाश आठवा. तसं तुम्हाला कोणी बोलावत नाहीये.