सदर महिलेस सही येत नाही

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून सही अस्तित्वात आली. सहीवरही विश्वास ठेवता येत नाही, म्हणून बँका अस्तित्वात आल्या. बँकांवर मात्र विश्वास ठेवावाच लागतो, कारण तोवर पैसे त्यांच्याकडे गेलेले असतात.

हे मी कडवटपणाने लिहीत नाही. मी, धोंडिराम, राज्य सरकारच्या एका खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि मुलुंडच्या आमच्या चाळीत लोकांचे अर्ज विनामूल्य लिहून देतो. (चहा घेतो. चहा हे मूल्य नव्हे.) कार्यपद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच आमच्या शेजारच्या रुक्मिणीबाई चिंदरकरांचे प्रकरण मी जसे घडले तसे नोंदवून ठेवत आहे.

रुक्मिणीबाईंचे यजमान रामचंद्र गिरणीत होते. एकोणऐंशी साली ते गेले. त्यांचे गिरणीतले हिशेबाचे पैसे घ्यायला बाई गेल्या तेव्हा तिथल्या बाबूने कसलासा कागद पुढे सरकवला, त्यांचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. कागदावर काय होते ते बाईंना आजतागायत कळलेले नाही. हातात अपेक्षेपेक्षा बरेच कमी पैसे आले, एवढे कळले. घरी येऊन त्यांनी अंगठा राखेने घासला. शाई दोन दिवसांत गेली. बाई तरीही आठवडाभर घासत होत्या.

त्यानंतर त्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे पुरवू लागल्या, आणि संध्याकाळी डबे घासून झाले की म्युनिसिपल शाळेतल्या प्रौढ साक्षरता वर्गात जाऊ लागल्या. वर्ग अनुपमाबाई चालवत. वर्गात एकोणतीस बायका दाखल झाल्या, अकरा टिकल्या, सात लिहू लागल्या आणि एकीला जोडाक्षरे आली. ती एक म्हणजे रुक्मिणीबाई. वय वर्षे सत्तावन्न. एक्याऐंशी साली त्यांनी बँकेत खाते उघडले आणि नमुना सहीच्या कार्डावर आपले पूर्ण नाव मराठीत, रेघ मारून, फोडणीच्या कढईइतक्या गोल अक्षरांत लिहिले. सही करायला सव्वाचार मिनिटे लागली. काउंटरवरचे श्यामकांत तोवर थांबून राहिले, हे त्यांच्या नावावर जमा आहे.

खाते उघडायचे कारण मुलगा. सहदेव मस्कतला पाइप फिटर म्हणून गेला होता. तिथे तो परका माणूस. भाषा येत नाही, पासपोर्टसुद्धा कंपनीच्या कपाटात. पण शुक्रवारी सुट्टी मिळाली की तो पैसे घेऊन तिथल्या बँकेच्या खिडकीशी जाई आणि दहा मिनिटांत आईच्या नावाचा ड्राफ्ट घेऊन बाहेर येई. पुढे तो ड्राफ्ट रजिस्टर्ड पोस्टाने मुलुंडला. मस्कत ते मुलुंड अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. त्याला साधारण सोळा दिवस लागत. मुलुंडच्या काउंटरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अंतर सव्वादोन फूट. शहाऐंशी साली त्याला सत्तर दिवस लागले. ते असे.

रुक्मिणीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी त्या तांदूळ निवडताना खडे ठेवून तांदूळ टाकू लागल्या, मग सून सुलक्षणाला हाक मारताना दाराकडे न बघता कपाटाकडे बघू लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, उजवा डोळा पिकलाय, फार थांबू नका. आत फुटला तर ऑपरेशनचाही उपयोग नाही. म्युनिसिपल इस्पितळात पाच महिन्यांनंतरची तारीख होती. खासगी नर्सिंग होममध्ये अडीच हजार रुपये. सहदेवने तीन हजारांचा ड्राफ्ट धाडला. ड्राफ्ट वटला. पासबुकात नोंद झाली. आता फक्त स्लिपवर सही करून पैसे काढायचे होते.

बाईंनी सही केली. 'रुक्मिणी' रेघेच्या वर गेली, 'रामचंद्र' रेघेवर आडवा झाला आणि 'चिंदरकर' कागद सोडून काउंटरच्या लाकडावर संपले.

"सही जुळत नाही," श्यामकांत म्हणाले.

"माका दिसणा नाय रे बाबा, म्हणान वाकडी येता."

"आजी, ते खरं. पण जुळत नाही."

पुढच्या नऊ दिवसांत बाईंनी सतरा स्लिपा भरल्या. सुलक्षणा त्यांचा हात धरून रेघ दाखवी. त्यावर श्यामकांतांचा रास्त आक्षेप असा की हात दुसऱ्याने धरल्यास ती सही दुसऱ्याची होते. शेवटी प्रकरण मॅनेजर विद्याधर साहेबांपुढे गेले आणि सोबत मीही गेलो.

विद्याधर साहेब अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. (दोन. आम्ही तिघे होतो.) त्यांनी उपलब्ध असलेले सर्व मार्ग समजावून सांगितले. सुलक्षणाचे नाव खात्यावर लावता येईल. त्यासाठी खातेदाराची सही लागेल. सुलक्षणाला अधिकारपत्र देता येईल. त्यावर खातेदाराची सही लागेल. ड्राफ्ट परत मस्कतला पाठवता आला असता, पण तो जमा झालेला आहे आणि जमा रक्कम परत पाठवायला खातेदाराची सही लागेल.

"म्हणजे डोळे बरे करूक पैसे होये," रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि पैसे काढूक डोळे होये. तुमच्या बँकेत कोणाक ह्या दिसणा नाय?"

"दिसतं ना आजी," साहेब म्हणाले. "पण दिसून उपयोग नाही."

मी डॉक्टरांचा दाखला आणण्याची सूचना केली. दाखला आणला. डॉक्टरांनी लिहिले की सदर महिलेस सध्या दिसत नाही, शस्त्रक्रियेनंतर दिसेल. साहेबांनी तो दोनदा वाचला. अंध खातेदारांसाठी स्वतंत्र नियम आहेत, पण ते कायमच्या अंधांसाठी. तात्पुरत्या अंधत्वाचा रकाना फॉर्मवर नाही. डॉक्टर 'कायमचे' असे लिहून देतील का, असे त्यांनी विचारले. सुलक्षणा एकदम उभी राहिली.

"थांबा की मग आणखी दोन महिने! होईलच कायमचं!"

साहेबांनी चहा मागवला. मी म्हटले ना, गृहस्थ सज्जन.

डॉक्टरांच्या दुसऱ्या तपासणीत उजव्या डोळ्याचा दाब वाढल्याचे निघाले. सुलक्षणाने मंगळसूत्र मोडायची भाषा केली, तर बाईंनी तिला झापले: "माझ्या झिलान घामान मिळवलेले पैशे हंय पडून आसत आणि तू सोना मोडतस?" अशा वेळी अनुभवी माणसाची गरज असते. चाळीस मिनिटे विचार केल्यावर मला मार्ग सुचला आणि आजही, तांत्रिकदृष्ट्या पाहता, मला तो निर्दोष वाटतो.

निरक्षर खातेदार अंगठा देऊन पैसे काढू शकतो. रुक्मिणीबाईंची अडचण एवढीच की त्या साक्षर होत्या. ती अडचण दूर करता येण्यासारखी होती.

विद्याधर साहेबांचा चेहरा उजळला. मात्र खाते उघडताना साक्षरतेचा दाखला जोडलेला असल्यामुळे, तो ज्यांनी दिला त्यांनीच सदर महिला निरक्षर असल्याचे लिहून द्यावे, म्हणजे फाइल एकसंध राहील, असे त्यांनी सुचवले. हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

मी मजकूर तयार केला आणि आम्ही अनुपमाबाईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"काका, हे मी नाही लिहिणार. अकरा जणींत एकटी ही 'ज्ञानेश्वर' न अडखळता लिहायची. आणि मी लिहू, की हिला लिहिता येत नाही?"

"ही केवळ कार्यालयीन बाब आहे," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी असेल."

रुक्मिणीबाईंनी चाचपडत तो कागद सुलटा केला. "कर गो बाय सही," त्या म्हणाल्या. "तुझी तरी जुळता."

अनुपमाबाईंनी सही केली. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, त्यामुळे चहा राहिला.

दुसऱ्या दिवशी बँकेत नमुना सहीच्या कार्डावर लाल शाईने फुली मारण्यात आली. श्यामकांतांनी शाईचा पॅड पुढे केला आणि अंगठा धरायला हात लांबवला. बाईंनी हात मागे घेतला.

"धरू नको. माझो मी देतंय."

त्यांनी अंगठा शाईत टेकवला, मग कागदावर. ठसा स्वच्छ आला. बोट पुसायला श्यामकांतांनी फडके दिले ते त्यांनी घेतले नाही. अंगठा मुठीत धरून त्या घरी गेल्या. मी वाटभर बोलत होतो. काम झाल्याचा आनंद मला लपवता येत नाही.

ऑपरेशन उत्तम झाले. आठ दिवस पट्टी, दीड महिना काळजी, आणि मग बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा. चष्मा लावल्यावर बाईंनी पहिल्यांदा सुनेकडे बघितले आणि म्हणाल्या, "वाळलंस गो." मग तांदळाचे ताट मागवले. नंतर जुनी वही काढून रोज एक पान आपले नाव गिरवले, आणि पुढचा ड्राफ्ट वटल्यावर एकट्या बँकेत निघाल्या. मी आपला मागोमाग गेलो, कारण प्रकरणाचा पाठपुरावा करणे ही माझी सवय आहे.

महिन्याचा पहिला आठवडा होता आणि खिडकीपाशी रांग मोठी होती. बाईंचा नंबर आला. त्यांनी स्लिप ठेवली, चष्मा सारखा केला आणि सही केली. साडेतीन मिनिटे लागली. श्यामकांतांनी उत्सुकतेपोटी फुली मारलेले जुने कार्ड काढून शेजारी धरले आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "हुबेहूब!"

मग त्यांना आपले पद आठवले. ते आत जाऊन साहेबांना घेऊन आले. साहेबांनी सही पाहिली, कार्ड पाहिले, फाइल पाहिली.

"आजी, सही तुमचीच आहे. अगदी बरोबर आहे," ते हळहळत म्हणाले. "पण ती तुम्हाला येत नाही."

"तो कागद बघू," बाई म्हणाल्या.

नियमात बसत नसतानाही साहेबांनी दाखला त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचला. "प्र-मा-णित कर-ण्यात येते की... सदर महि-लेस... लिहिता... वाचता... येत नाही." 'प्रमाणित'ला थोड्या थांबल्या, बाकी स्वच्छ. शेवटी खालची तारीखही वाचली.

"वाचन चांगलं आहे," साहेब म्हणाले. "पण ऐकलेलं मला फाइलला लावता येत नाही. चौथीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणलंत तर बघता येईल. तोवर अंगठा..."

श्यामकांतांनी पॅड उघडून पुढे ठेवला. कोणी हात धरला नाही. बाई पॅडकडे बघत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो आजी, द्या ना अंगठा आणि मोकळ्या व्हा. आम्हाला पण कामं आहेत." रांगेत सगळ्यांनी मान डोलावली. कोणी तरी म्हणाले, "एवढं काय त्यात?" आवाज चिडका नव्हता, समजूतदार होता. सुशिक्षित होता.

बाई वळल्या. जाड भिंगांतून त्यांनी रांगेतल्या एकेकाचा चेहरा सावकाश, नीट पाहिला. मग पॅडचे झाकण आपल्या हाताने बंद केले, सहीची स्लिप घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि बाहेर पडल्या. पैसे न घेता.

त्या संध्याकाळी त्यांनी मस्कतला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. पुढचे ड्राफ्ट सुलक्षणाच्या नावाने, दुसऱ्या बँकेत येऊ लागले. जुन्या खात्यात तीन हजार दोनशे रुपये तसेच आहेत. व्याज नियमित चढते. अंगठा दिला की कधीही मिळतील, असे मी बाईंना चार वेळा समजावले. पाचव्या वेळी त्यांनी दार लावून घेतले. तेव्हापासून माझा त्या घरचा चहा बंद आहे.

प्रकरण इथे संपले. त्या रांगेत कोण कोण होते याची मी नोंद ठेवली नाही, ही माझी चूक. पण वाचकहो, एक खरे सांगा. तीन हजार दोनशे रुपये! आणि काय लागणार होते? जरा शाई. देऊन टाकायचा की अंगठा, असे आत्ता तुमच्याही मनात आले ना?

मग तुम्ही बरोबर जागी उभे आहात. जरा पुढे सरका, मागच्यांना जागा द्या.