बोरॉकच्या डोळ्यांची हरकत

बोरॉक हा व्हिडिओ गेममधला लोखंडी टोपवाला योद्धा बुधवारी दुपारी पेणला आमच्या कारखान्यात नोटीस घेऊन आला. एसटीने आला. ढाल दारातून आत येईना, म्हणून ती त्याने बाहेर शाडूच्या गोण्यांना टेकवून ठेवली.

नोटीस माझ्या वहिनीच्या, शर्वरीच्या नावाने होती. आमचा कारखाना गणपतीच्या मूर्तींचा. साचे मी काढतो. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, वहिनीच्या हातात. उरलेल्या शाडूतून ती बोरॉकच्या वीतभर बाहुल्या घडवते आणि प्रदर्शनात विकते. रविवारी अलिबागला मांडायच्या चाळीस बाहुल्या फळीवर तयार होत्या. गेमच्या कंपनीचं म्हणणं, त्या सगळ्या फोडा आणि पुन्हा करणार नाही असं लिहून द्या.

"कंपनीकडे वकील नाहीत का?" मी विचारलं.

"ज्याच्या चेहऱ्याचा प्रश्न, त्याने स्वतः जायचं, असा नियम आहे," बोरॉक म्हणाला.

त्याने नोटीस वाचली. कागद उलटा धरला होता, पण मजकूर तोंडपाठ होता. हरकत पहिली, बाहुल्या हुबेहूब बोरॉकसारख्या आहेत. हरकत दुसरी, बाहुल्यांना डोळे आहेत, बोरॉकला नाहीत, सबब त्या बोरॉकसारख्या नाहीत.

मी वहिनीकडे वळलो. "वहिनी, फोडून टाकू या. मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं?"

"भावजी, तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली आणि बोरॉककडे वळली. "सहा वर्षं फोनवर मी तुला चालवतेय, तेव्हा अहोजाहो करणार नाही. तुला खरंच डोळे नाहीत?"

बोरॉकने टोप काढला. आत कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं सपाट होतं.

"टोप कधी निघतच नाही, म्हणून कंपनीने आत काही काढलं नाही," तो म्हणाला. "खेळणारे बघतात, मी जातो."

"अरे देवा! आणि मी प्रत्येक टोपाच्या फटीत डोळे काढले."

"का काढले?"

"आखणी झाल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही. मूर्ती असो की बाहुली. तूही नाही जाणार. बस त्या पाटावर."

"माझ्या दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागते."

"मंजुरी तिने माझ्याकडे मागायची. सहा वर्षांत तिला तुझे डोळे सुचले नाहीत, मला सुचले. बस म्हटलं ना!"

बोरॉक बसला. आखणीच्या वेळी आमच्याकडे कोणी बोलत नाही. मी पंखा बंद केला. वहिनीने बारीक कुंचला उचलला, श्वास रोखला आणि आधी डावा, मग उजवा डोळा काढला. तिचा हात जराही हलला नाही. बाहुल्या फोडू या म्हणालो याची मला तेव्हा लाज वाटली.

बोरॉकने प्रथम नोटीस सुलटी केली. मग फळीपाशी जाऊन चाळीसही बाहुल्या एकेक करून पाहिल्या.

"यांना डोळे कधी काढले?"

"गेल्या आठवड्यात."

"मला आज." त्याने थोडा विचार केला. "म्हणजे या आधीच्या आणि मी नंतरचा. नक्कल मी आहे."

तसा अहवाल त्याने तिथेच लिहिला आणि सही केली. पंच म्हणून माझी सही घेतली, ढाल उचलली आणि साडेचारच्या एसटीने गेला. खिडकीची जागा मिळते का, हे त्याने कंडक्टरला दोनदा विचारलं.

रविवारी अलिबागला सगळ्या बाहुल्या खपल्या.

पंधरा दिवसांनी दुसरी नोटीस आली. तीत लिहिलं होतं: बोरॉक आता पुलावर थांबून नदी बघत बसतो. समोर आलेल्याचा चेहरा नीट पाहिल्याशिवाय तलवार उचलत नाही, आणि पाहिल्यावर बहुतेकदा उचलतच नाही. जगभरातून तक्रारी येत आहेत. तरी डोळे त्वरित पुसून द्यावेत.

वहिनीने मला उत्तर लिहायला बसवलं. "लिहा भावजी. आखलेले डोळे आम्ही पुसत नाही. डोळे माझे आहेत. ते वापरायचे असतील तर रीतसर अर्ज करा. हाताने लिहिलेला."

या वेळी मी माघार घेऊ या म्हणालो नाही. उलट "रीतसर"खाली मी दोन रेघा मारल्या.

काल कंपनीचा अर्ज आला. अक्षर चांगलं आहे. वहिनीने तो वाचून खिळ्याला अडकवला.

"गणपती होऊ देत," ती म्हणाली. "मग बघू."